चिन्ह दडले, कार्यक्रम चालूच!

हातकणंगले : संगणक सुरू झाला की पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, लहान चिन्हांची रांग उभी राहते. आवाज, इंटरनेट, अँटिव्हायरस, प्रिंटर, बॅकअप, चॅट अशी ही रांग वर्ष-दोन वर्षांत इतकी लांबते की कामाचे चिन्ह कोणते आणि बिनकामाचे कोणते, हेच उमगेनासे होते. ही गर्दी नजरेआड करणे सोपे आहे. मात्र चिन्ह लपविणे आणि त्यामागील कार्यक्रम बंद करणे या दोन भिन्न गोष्टी होत. तालुक्याच्या गावी एकाच संगणकावर अनेकांची कामे होत असतात. तेथे हा भेद थेट नागरिकांच्या पैशांशी आणि कागदपत्रांशी जाऊन भिडतो.

'विंडोज ९५' ही प्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली, तेव्हा टास्कबारसोबत हा कोपराही आला. मायक्रोसॉफ्टने त्याला 'नोटिफिकेशन एरिया' असे नाव दिले. लोकांच्या तोंडी मात्र 'सिस्टिम ट्रे' हेच रुळले आणि 'विंडोज ११'च्या सेटिंग्जमध्ये अखेर तेच नाव अवतरले. नवी मेल आली, बॅटरी उतरली, छपाई अडकली अशा सूचना देण्यासाठी ही जागा होती. सॉफ्टवेअर बनविणाऱ्या कंपन्यांना ती फुकटच्या जाहिरात फलकासारखी वाटली. ज्याला त्याला आपले चिन्ह कायम तेथे हवे झाले. नव्या संगणकासोबत येणाऱ्या मुदतबंद सॉफ्टवेअरने त्यात भर घातली.

निर्णय कोणाचा?

या गर्दीवर पहिला उतारा २००१ मधील 'विंडोज एक्सपी'ने दिला. वापरात नसलेली चिन्हे आपोआप दडविण्याची सोय त्यात होती. २००९ मधील 'विंडोज ७'ने आणखी पुढचे पाऊल टाकले. नवी चिन्हे बाणाच्या आड असलेल्या कप्प्यात ठेवली जाऊ लागली आणि कोणते चिन्ह बाहेर काढायचे, हे वापरकर्त्यावर सोपविण्यात आले. सॉफ्टवेअरला स्वतःचे चिन्ह बाहेर आणण्याचा अधिकृत मार्ग जाणीवपूर्वक ठेवला नाही. तसा मार्ग असता तर प्रत्येक कंपनीने स्वतःलाच सर्वांत महत्त्वाचे ठरविले असते.

'विंडोज १०' आणि 'विंडोज ११'मध्ये टास्कबारच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'टास्कबार सेटिंग्ज' उघडता येते. 'विंडोज १०'मध्ये तेथे 'सिलेक्ट विच आयकॉन्स अपिअर ऑन द टास्कबार' हा पर्याय आहे. 'विंडोज ११'च्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स' ही यादी मिळते. नको त्या नावापुढील कळ बंद केली की चिन्ह बाणाआड जाते. कार्यक्रम मात्र पूर्वीप्रमाणेच चालू राहतो, मेमरी व्यापतो आणि इंटरनेटही वापरतो. संगणक रेंगाळत असेल तर चिन्ह लपवून काही साधत नाही. त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा आणि 'स्टार्टअप'च्या यादीतून अनावश्यक नाव निष्क्रिय करावे. गरजच नसेल तर ते सॉफ्टवेअर काढून टाकणे उत्तम.

सामायिक संगणकाचा प्रश्न

निर्णय वापरकर्त्याचा, हे तत्त्व घरच्या संगणकापुरते ठीक आहे. पण या भागात संगणकाची ओळखच सामायिक यंत्र म्हणून झाली. शेजारच्या पन्हाळा तालुक्यातील वारणानगर परिसरात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला, तेव्हाही केंद्रातील संगणक चालक हाताळत असे आणि शेतकरी समोर उभा राहत असे. आज सातबारा, दाखले आणि विविध अर्ज यांसाठी सेवा केंद्रात जाणारा माणूस त्याच जागी उभा असतो. यंत्रमाग, चांदीकाम आणि ऊसशेती यांवर चालणाऱ्या या तालुक्यातील छोट्या व्यावसायिकांचे हिशेबही बऱ्याचदा दुसऱ्याच्याच हाती असतात.

चिन्हांची ही मांडणी विंडोजच्या प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र असते. तथापि, सर्व कर्मचारी एकाच खात्यातून काम करीत असतील तर एकाने लपविलेले चिन्ह सर्वांच्याच नजरेआड होते. आधारसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रामागे 'आरडी सर्व्हिस' हा कार्यक्रम सतत चालावा लागतो. अशा कार्यक्रमांची स्थिती सांगणारे चिन्ह दडलेले असेल तर बिघाड कोठे आहे हे कळण्यात वेळ जातो आणि हेलपाटा नागरिकाला पडतो. अँटिव्हायरसची मुदत संपल्याचा इशाराही असाच अंधारात राहू शकतो. 'विंडोज १०'चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने जुन्या यंत्रांवर ही बेफिकिरी अधिक महागात पडेल.

त्याहून गंभीर बाब दूरस्थ नियंत्रणाची. दुरुस्तीसाठी 'एनीडेस्क' किंवा 'टीमव्ह्यूअर' टाकले जाते आणि काम झाल्यावर ते तसेच राहते. हे कार्यक्रम मुळात वाईट नाहीत. पण बाहेरच्या व्यक्तीला संगणकाचा ताबा देण्याची सोय त्यांत आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोबाइलवरील 'एनीडेस्क'च्या आडून होणाऱ्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले होते. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तेथे असे चिन्ह बाणाआड असणे म्हणजे मागील दार उघडे ठेवून त्यावर पडदा सोडण्यासारखे आहे.

तेव्हा ध्वनी, ग्राफिक्स, प्रिंटरच्या जाहिराती, मुदत संपलेले सॉफ्टवेअर यांची चिन्हे खुशाल लपवावीत. अँटिव्हायरस, इंटरनेट, बॅकअप आणि दूरस्थ नियंत्रण यांची चिन्हे मात्र समोरच असावीत. कार्यालयांत प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र खाते द्यावे आणि महिन्यातून एकदा बाण दाबून आत काय दडले आहे, ते पाहावे. या तपासणीला खर्च काहीच नाही. लागतात ती फक्त पाच मिनिटे. सेवा केंद्राच्या खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला तो कोपरा दिसत नाही. म्हणूनच तो पाहण्याची जबाबदारी खिडकीच्या अलीकडे बसणाऱ्याची आहे.