हवा कुणाच्या बापाची?

३१ मार्च २०२२ ही मुदत होती. तोवर दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद करायचे, मोक्याच्या जागचे पन्नासेक तेवढे ठेवायचे, असं प्रसार भारतीने आधीच्या वर्षी जाहीर केलं होतं. त्या एका आर्थिक वर्षाच्या यादीतच ४१२ ट्रान्समीटर होते. त्याआधीच्या चार वर्षांत आठशेहून जास्त बंद करून झाले होते. मुंबई केंद्राला पन्नास वर्षं पुरी व्हायला सहा महिने उरले असताना हे काम उरकण्यात आलं. टोल वाढला तर आपल्याकडे मोर्चा निघतो. नाटकातलं एखादं वाक्य खटकलं तर नाट्यगृहाबाहेर पोलीस उभे करावे लागतात. छपरावर फुकट उतरणारं प्रक्षेपण देशभरातून काढून घेतलं, तेव्हा मात्र महाराष्ट्रात फारसं कुणी तोंड उघडलं नाही.

जे बोलले ते आठवणी सांगत बसले. पडद्यावरच्या मुंग्या, गच्चीवर चढून फिरवलेला अँटेना, गजरा, छायागीत, संताकुकडी. मला या आठवणींचा संताप येतो. माणूस मेल्यावर त्याच्या गोड गोष्टी सांगायच्या असतात. इथे मारणारा समोर उभा असताना आपण उमाळे काढत होतो. प्रश्न बालपणाचा नव्हताच. दरमहा पैसे न भरता, नाव न सांगता, कुणाची परवानगी न घेता बातमी, हवामान, शेतीचा सल्ला आणि क्रिकेटचा सामना बघण्याचा नागरिकाला हक्क आहे की नाही, हा प्रश्न होता आणि आजही आहे.

बंद करण्याची कारणं प्रसार भारतीने सांगितली. चालवण्याचा वर्षाला सुमारे शंभर कोटींचा खर्च वाचतो, आणि मोकळ्या झालेल्या लहरी फाइव्ह-जीसारख्या नव्या सेवांच्या कामी येतात. शंभर कोटींना देशाच्या लोकसंख्येने भागा. माणशी वर्षाला एक रुपयासुद्धा होत नाही. एवढ्या रकमेसाठी सार्वजनिक सेवेचा पाया उपटणाऱ्याला मी काटकसरी म्हणणार नाही, कोत्या बुद्धीचा म्हणेन. दुसरं कारण तर लोकांच्या अज्ञानावर विसंबून दिलेलं आहे. दूरदर्शनचे बहुतेक छोटे ट्रान्समीटर व्हीएचएफ पट्ट्यात, २३० मेगाहर्ट्झच्या खाली चालत. मोबाईलचा फाइव्ह-जी तिथे चालत नाही. त्याचा सगळ्यात खालचा पट्टा ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतो. आणि तो ६०० चा पट्टा २०२२ च्या लिलावात मांडला, तेव्हा एकाही कंपनीने त्यावर बोली लावली नाही. म्हणजे खेडोपाडीच्या प्रेक्षकाच्या डोक्यावरून जे काढून घेतलं, त्यातलं बरंचसं मोबाईल कंपन्यांच्याही उपयोगाचं नव्हतं.

ॲनालॉग तंत्र जुनं झालं होतं, हे मी मान्य करते. एका वाहिनीला जेवढ्या लहरी लागत तेवढ्यात डिजिटल पद्धतीने दहा-बारा वाहिन्या बसतात. जगभर ॲनालॉग गेलं. पण कसं गेलं ते बघा. ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू ही अँटेनावरची मोफत डिजिटल सेवा २००२ मध्ये सुरू झाली, आणि ॲनालॉग पूर्ण बंद झालं ते २०१२ च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांना आणि अपंगांना घरी जाऊन नवी पेटी जोडून देण्याची वेगळी योजना चालवली. आता तिथेही अँटेनावरच्या टीव्हीचं पुढे काय करायचं, इंटरनेटवर सगळं न्यायचं का, हा वाद जोरात आहे. पण २०३४ पर्यंतची तरतूद हातात ठेवून तो वाद चालू आहे. स्वित्झर्लंडने २०१९ मध्ये जमिनीवरचं प्रक्षेपण बंदच केलं, कारण तिथे जवळपास प्रत्येक घरात केबल किंवा इंटरनेट पोचलेलं होतं. गडचिरोलीची तुलना झुरिकशी करण्याचा निलाजरेपणा कुणी करू नये.

आपण काय केलं? २५ फेब्रुवारी २०१६ ला दूरदर्शनने सोळा शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण सुरू केल्याची घोषणा केली. मुंबई त्यात होती, तेव्हाचं औरंगाबादही होतं. सिग्नल हवेत सोडला. तो पकडायचा कशाने? दुकानात मिळणाऱ्या बहुतेक टीव्ही संचांत त्याचा ट्यूनर नव्हता. उत्पादकांवर तो बसवण्याची सक्ती केली नाही. स्वस्त पेट्या बाजारात आणल्या नाहीत. लोकांना सांगितलं काय, तर मोबाईलला डोंगल लावा. औरंगाबादच्या किती घरांना आपल्या डोक्यावरून हा सिग्नल जातोय याची कल्पना होती? ज्या देशात गाडीच्या हॉर्नपासून मोबाईलच्या चार्जरपर्यंत सगळ्याची मानकं ठरतात, तिथे टीव्हीत एक ट्यूनर बसवायला लावणं सरकारला जमलं नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. ते करायचंच नव्हतं.

दूरसंचार नियामक ट्रायने ३१ जानेवारी २०१७ ला शिफारस दिली होती. ॲनालॉग बंद करत डिजिटल जमिनीवरचं प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने उभं करा, आधी महानगरं, मग दहा लाखांवरची शहरं, मग उरलेला देश, हे सगळं डिसेंबर २०२३ पर्यंत पुरं करा, आणि खाजगी कंपन्यांनाही त्यात येऊ द्या. यातला बंद करण्याचा भाग सरकारने मुदतीच्या आत पार पाडला. उभारण्याचा भाग फायलीत गेला. खाजगी वाहिन्यांना जमिनीवरून प्रक्षेपण करण्याची मुभा या देशात कधीच नव्हती; ती मक्तेदारी सरकारने स्वतःकडे ठेवली होती. स्वतः नीट चालवलं नाही, दुसऱ्याला चालवू दिलं नाही, आणि शेवटी कुणी बघत नाही म्हणून कुलूप लावलं. घरच्या विहिरीतला गाळ वर्षानुवर्षं उपसायचा नाही आणि मग पाणी आटलं म्हणून ती बुजवायची, असला हा कारभार आहे.

या लहरी सरकारच्या मालकीच्या आहेत, अशी समजूत दिल्लीत अजून आहे. ती १९९५ मध्येच मोडायला हवी होती. १९९३ च्या हीरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सरकारचा बंगालच्या क्रिकेट संघटनेशी वाद झाला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. पी. बी. सावंत यांनी ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात स्पष्ट केलं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी, सार्वजनिक संस्थेच्या देखरेखीखाली झाला पाहिजे. हा निकाल लिहिणारा न्यायाधीश मराठी होता याचा अभिमान आपण मिरवतो. त्या निकालाचा अर्थ काय, हे विचारायला मात्र आपल्यातलं कुणी गेलं नाही. जनतेची मालमत्ता वापरातून काढताना जनतेला काय मिळालं?

दूरदर्शनची उपग्रहावरची मोफत सेवा, फ्री डिश मिळाली, असं उत्तर येतं. मी फ्री डिशच्या बाजूची आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा आज उद्योगाच्या अंदाजाने साडेचार ते पाच कोटी घरांत आहे, दीड-दोन हजारांत छत्री आणि पेटी बसते, रिचार्ज नाही. मंडणगडजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीकडे तीच आहे. जोराची सर आली की चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. या लहरींना मुसळधार पाऊस सोसत नाही. कोकणात चार महिने असा पाऊस असतो आणि वादळाचा इशारा नेमका त्याच पावसात लागतो. जमिनीवरच्या ट्रान्समीटरचा सिग्नल पावसाने असा तुटत नसे. शहरात निराळी अडचण. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला गच्चीवर छत्री लावू देणारी सोसायटी शोधून दाखवा. घरातल्या घरात वीतभर अँटेनावर चालणारी सेवा त्याच्यासाठी होती.

पण खरी खोट पुढे आहे. फ्री डिशवर काय दिसणार हे लिलाव ठरवतो. जास्त पैसे देणारी वाहिनी आत, बाकीच्या बाहेर. १ मार्च २०१९ ला चार बड्या समूहांनी आपल्या मोफत मनोरंजन वाहिन्या एका झटक्यात काढून घेतल्या. २०२० मध्ये त्या परत आल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा निघून गेल्या. चार-पाच कोटी घरांतल्या संध्याकाळी काय लागणार, हे त्यांच्या गणितावर ठरलं. प्रेक्षकाला कुणी विचारलं नाही, कारण या व्यवहारात तो गिऱ्हाईकही नाही, विकला जाणारा माल आहे. २०२४ च्या जुलैत ट्रायने फ्री डिश ॲड्रेसेबल करण्याची शिफारस केली. तसं झालं की प्रत्येक पेटी ओळखता येते, आणि जी ओळखता येते ती बंदही करता येते. आज पैसे मागणार नाहीत. पण मागण्याची सोय मात्र होऊन बसेल.

आणि सगळा डोलारा कशावर उभा आहे? जीसॅट-१५ या एका उपग्रहावर. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सुटला. त्याचं अपेक्षित आयुष्य बारा वर्षं धरलेलं होतं. हिशोब ज्याचा त्याने करावा.

खेळाचं उदाहरण घ्या. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला देणं बंधनकारक केलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो सिग्नल दूरदर्शनच्या जमिनीवरच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, खाजगी केबलवर नाही. न्यायालयाने दोन दरवाजे ठेवले. पाच वर्षांत त्यातला एक सरकारने आपल्या हाताने भिंत घालून बंद केला.

दूरदर्शन बघतं कोण, असा तुच्छतेचा प्रश्न मला शहरातले लोक विचारतात. २०२० चा जुलै आठवा. शाळा बंद होत्या. ज्यांच्या घरी मोबाईल एक आणि मुलं तीन, किंवा मोबाईलच नाही, अशा घरांसाठी एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या पाठांची ‘टिलीमिली’ मालिका तयार केली आणि ती दाखवली सह्याद्री वाहिनीने. ज्या शिक्षणसंस्था ऑनलाइन वर्गाच्या फिया घेत होत्या, त्यांच्या दारात ही मुलं नव्हतीच. एका प्रक्षेपणात लाखो घरांत एकच धडा पोचतो, दहा घरांनी बघितला काय आणि दहा लाखांनी बघितला काय, खर्च तेवढाच. ही ताकद इंटरनेटच्या वाटेत नाही. तिथे प्रत्येक बघणाऱ्यामागे डेटा लागतो आणि डेटाचं बिल त्या घरालाच येतं.

दूरदर्शन सरकारचा भोंगा झालंय, हा आरोप मात्र खरा आहे आणि तो मीही करते. प्रसार भारती कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये, आणि त्यातली स्वायत्तता आजवर कुठल्याही पक्षाच्या सरकारने मनापासून दिली नाही. ज्या मुंबई केंद्राने ‘आमची माती, आमची माणसं’ आणि ‘ज्ञानदीप’ उभे केले, त्याला नवी माणसं, नवा पैसा आणि मोकळीक नाकारली. पण वाईट चाललेली सार्वजनिक सेवा सुधारायची असते. ती मोडून खाजगी बाजाराच्या हवाली केल्याने भोंगा बंद होत नाही. तो आता जास्त वाहिन्यांवर वाजतो, एवढंच.

आता नवी आश्वासनं आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यात चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे ओटीटी ॲप सुरू केलं. ॲप फुकट, पण फोन आणि डेटा विकत. शिवाय ॲपला तुम्ही कोण, कुठे, काय आणि किती वेळ बघता हे सगळं कळतं. अँटेनाला यातलं काही कळत नसे. सिंहगडावरच्या मनोऱ्याने जनता वसाहतीतल्या खोलीला आणि कोरेगाव पार्कातल्या बंगल्याला एकच चित्र दिलं, आणि दोघांपैकी कुणाचंही नाव विचारलं नाही. दुसरं आश्वासन डायरेक्ट-टू-मोबाईलचं: इंटरनेटशिवाय थेट फोनवर टीव्ही. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्जने त्यावर चांगलं काम केलंय, चाचण्याही झाल्या. पण त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते, आणि मोबाईल व चिप कंपन्यांनी विरोध चालवलाय. सरकारने इथेही ट्यूनरसारखीच माघार घेतली, तर या तंत्राचं औरंगाबाद होणार, हे मी आजच लिहून ठेवते.

करायचं काय, ते अवघड नाही. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीत मोफत प्रक्षेपणाचा ट्यूनर सक्तीचा करा. भारतीय मानक ब्युरोने उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीचं मानक जानेवारी २०२३ मध्ये काढलेलं आहे. ते ऐच्छिक ठेवण्याचं कारण कंपन्यांच्या सोयीशिवाय दुसरं नाही. फ्री डिशवरच्या काही जागा लिलावाबाहेर ठेवा आणि त्यावर प्रत्येक राज्याची भाषा, शिक्षण आणि शेती कायमची बसवा. पेटी कुणाच्याही नावावर नोंदवावी लागणार नाही, हे कायद्यात लिहा. डोंगराळ आणि किनारी भागात जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण उभारा; प्रसारणाच्या पायाभूत सोयींसाठीच्या बिंद योजनेत २,५३९ कोटी मंजूर करणाऱ्या सरकारला टॉवरसाठी पैसे नाहीत, हे सांगता येणार नाही. महाराष्ट्राचे ४८ आणि गोव्याचे दोन खासदार लोकसभेत बसतात. त्यांच्यापैकी एकाने तरी उभं राहून लेखी उत्तर मागावं की २०२७ नंतर फ्री डिशचा सिग्नल कुठल्या उपग्रहावरून, किती वर्षांच्या हमीने आणि कुठल्या कायद्याच्या आधारावर मोफत येणार आहे.