आधी निदान, मग खर्च

सभासद बंधू-भगिनींनो,

आपल्या शेतकी खात्याची जुनी डिझेल पिकअप गेल्या पूर्वहंगामी लागणीत अधूनमधून मिसिंग मारू लागली. मध्येच झटके देई, मध्येच सुतासारखी चाले. गाडीत बेण्याच्या मोळ्या, रानात मजूर खोळंबलेले आणि गाडी वाटेत! सभासदांनी बोल लावले, ते रास्तच होते.

आम्ही केले काय? एक म्हणाला नोझल, नोझल बदलले. दुसरा म्हणाला फिल्टर, तोही बदलला. दर वेळी टाकी भरून गाडी फिरवली, बरी चालली, बिल पास केले. आठवड्यात पुन्हा तेच रडगाणे. शेवटी पंप खोलायचे ठरले, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, टाकी निम्म्याखाली गेली की हे सुरू होतंय बघा."

मग दोष चालू असतानाच मिस्त्रीने एकेका नोझलचा नट ढिला करून पाहिला. ज्याचा नट ढिला करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आजारी. पण दोष एका सिलिंडरवर ठरेना. म्हणजे तो सर्वांच्या सामाईक वाटेत, डिझेलच्या पुरवठ्यात. वेगळ्या डब्यातून डिझेल दिले, तर इंजिन एकसारखे चालले. टाकीतली नळी काढली, तर ती मध्यावर गंजून बारीक भोक पडलेले! डिझेल त्याखाली गेले की इंजिन हवा ओढी. टाकी भरली की भोक बुडे आणि रोग लपे. बाहेर थेंबही गळत नव्हता.

(नव्या कॉमन रेल इंजिनाचा नट मात्र कोणी ढिला करू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरते.)

माझे स्पष्ट मत आहे की चूक मिस्त्रीची कमी, आमची जास्त. दोष केव्हा येतो, चढाला की सपाटीला, इंजिन थंड की गरम, टाकीत डिझेल किती, या चार ओळी वहीत लिहिल्या असत्या तर नोझलचा खर्च वाचता.

उसाचेही तेच आहे. ऊस पिवळा पडला की आपण युरियाचे पोते फोडतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर नत्राची भूक असू शकते. पण कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर चुनखडीच्या रानात ती बहुधा लोहाची. ती युरियाने कशी भागणार?

तेव्हा ट्रॅक्टर असो की ऊस, आधी पाहा, लिहून ठेवा, मग पाकिटाला हात घाला.

आपला,
ऊस विकास अधिकारी