भाजीचे उत्पादन आणि जमिनीचा प्रश्न

भाजीपाला महागला की शहरी तज्ज्ञ एकच निदान करतात : लहान शेतकरी मागासलेला आहे, त्याला नवे तंत्र ठाऊक नाही, म्हणून त्याचे उत्पादन कमी. बेंगळुरूच्या परिसराने हे निदान केव्हाच खोटे ठरविले आहे. कोलार आणि चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांतील शेतकरी संकरित बियाणे, ठिबक सिंचन, प्लास्टिकचे आच्छादन हे सारे कित्येक वर्षे वापरीत आहेत. तरीही एका शेतात टोमॅटो भरघोस येतो आणि शेजारच्या शेतात तोकडा. असे का?

ज्याची जमीन खंडाची आहे तो शेणखत घालीत नाही. कारण त्याचा लाभ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मिळणार, आणि तोवर जमीन हाती राहील याची शाश्वती नाही. खंडकऱ्याच्या नावे कागद नाही, म्हणून बँकेचे कर्ज नाही. राबणाऱ्या स्त्रीच्या नावे सातबारा वा पहाणी नाही, म्हणून तिलाही नाही. बारमाही नदी नसलेल्या कोलारात विंधनविहीर हजार फुटांपलीकडे जाते. ती कोरडी गेली की कुटुंब सावकाराच्या दारी उभे राहते. अडत्याने उचल दिलेली असेल तर माल त्याच्याच गाळ्यावर, त्याच्याच भावाने जातो. भाव इतका कोसळला की तोडणीची मजुरीही निघत नाही, तेव्हा फळे झाडावरच सडतात. सरकारी तक्ते यालाच ‘अल्प उत्पादकता’ म्हणतात!

रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधानुसार, ग्राहक टोमॅटोसाठी देतो त्या रुपयातील सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याला मिळतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील ८६ टक्के वहिवाटी दोन हेक्टरांहून लहान आहेत, आणि त्यांच्याकडे जमीन आहे जेमतेम ४७ टक्के. हमीभावाच्या यादीत एकही भाजी नाही. अशा शेतकऱ्याने अधिक पिकवावे ते कोणत्या बळावर?

त्यातच जमीन हातून निसटते आहे. सारक्की, पुट्टेनहळ्ळी ही एकेकाळची खेडी आज जे. पी. नगराच्या पोटात आहेत. १९५४ साली भूदानासाठी जीवनदान जाहीर करणाऱ्या जयप्रकाशांचे नाव ज्या नगराला आहे, तेथे जमिनीचा भाव चौरस फुटाने बोलला जातो. कर्नाटकात कुळाला जमीन मिळाली ती दानाने नव्हे, १९७४ च्या कायद्याने. आणि २०२० च्या दुरुस्तीने बिगरशेतकरी धनिकाला शेतजमीन खरेदीची वाट मोकळी करून दिली.

पर्याय नाही असे नव्हे. केरळच्या डाव्या आघाडीच्या सरकारने १ नोव्हेंबर २०२० पासून सोळा प्रकारच्या फळभाज्या व कंद-फळांना उत्पादनखर्चाहून वीस टक्के अधिक असा आधारभाव जाहीर केला. देवनहळ्ळी तालुक्यातील शेतकऱ्यांनी तर तीन वर्षांहून अधिक काळ लढा देऊन १५ जुलै २०२५ रोजी सरकारला १,७७७ एकरांचे भूसंपादन सोडून देण्यास भाग पाडले. या यशात शहरातील कामगार, लेखक आणि विद्यार्थी यांचाही वाटा होता.

म्हणूनच खंडकऱ्यांची नोंदणी, राबणाऱ्या स्त्रियांना कर्जाचा हक्क, भाजीपाल्याला आधारभाव आणि हॉपकॉम्ससारख्या सहकारी विक्रीसंस्थांना सरकारी भांडवल या मागण्या केवळ किसान सभांच्या नव्हेत. जे. पी. नगरातील पगारदाराला स्वस्त भाजी हवी असेल, तर त्याने पिकविणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. दोघांना लुटणारा एकच आहे.