वेडेपणाचं वेळापत्रक

स्पाइक मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. वडील आयरिश आणि ब्रिटिशांच्या फौजेत नोकरीला, त्यामुळे पोराचं लहानपण पुण्यात आणि मग रंगूनमध्ये गेलं. याच मिलिगनने पुढे पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम्ब यांना बरोबर घेऊन बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ केला. पहिला भाग २८ मे १९५१ रोजी ‘क्रेझी पीपल’ या नावाखाली लागला, शेवटचा २८ जानेवारी १९६० रोजी. मधल्या वर्षांत दोनशेहून जास्त भाग झाले आणि ब्रिटिश विनोदाची भाषाच बदलली. मॉन्टी पायथनवाले या कार्यक्रमावर वाढले आणि बीटल्सही. या यशाची जी कथा सांगितली जाते ती ठरलेली आहे. एक अर्धवेडा प्रतिभावंत, त्याच्या डोक्यातून बदाबदा पडणाऱ्या अचाट कल्पना, आणि त्यांच्या आड येणारे बीबीसीतले साहेबलोक. कथा छान आहे, पण ती निम्मीच खरी आहे. मिलिगन नसता तर गून शो नसता, हे कुणीच नाकारणार नाही. पण रविवारचं ध्वनिमुद्रण, ठरलेला अर्धा तास, समोर बसलेले प्रेक्षक आणि तबकड्या फिरवणारे नोकरदार तंत्रज्ञ नसते, तरीही तो नसता. या दुसऱ्या बाजूला आपण फारच कमी श्रेय देतो.

आधी काम कसं चालायचं ते पाहू. कार्यक्रमाचे बरेच भाग लंडनच्या कॅम्डन थिएटरमध्ये रविवारी ध्वनिमुद्रित झाले. मंडळी दिवसा जमायची, संहिता हातात पडायची, वाचन व्हायचं, मग ध्वनिपरिणामांसह तालीम आणि संध्याकाळी प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष मुद्रण. सुरू होण्याआधी तिघे प्रेक्षकांना रंगात आणून ठेवायचे. मिलिगन ट्रम्पेट वाजवायचा आणि सेलर्स ड्रम बडवायचा. मग वॉलेस ग्रीनस्लेड हा निवेदक, बातम्या वाचाव्यात तशा अस्सल बीबीसी आवाजात, काहीतरी साफ बिनडोक वाक्य गंभीरपणे म्हणायचा. विनोदाचा पहिला डाव तिथेच लागायचा, कारण तो आवाज खराखुरा बीबीसीचा होता. संस्थेची टिंगल संस्थेच्याच तोंडून होत होती. मधे दोन संगीताचे तुकडे असत, एक मॅक्स गेल्ड्रेच्या माउथ ऑर्गनचा आणि एक रे एलिंग्टनच्या चमूचा. वॉली स्टॉटचा वाद्यवृंद एखाद्या भव्य चित्रपटाला शोभेल असं संगीत द्यायचा, आणि ते पुडिंग फेकून मारणाऱ्या माणसाच्या गोष्टीसाठी असायचं. हे पुडिंगही माझ्या पदरचं नाही. १२ ऑक्टोबर १९५४ रोजी प्रसारित झालेल्या एका गाजलेल्या भागात, युद्धकाळातल्या ब्लॅकआउटमध्ये बेक्सहिल गावच्या लोकांवर कुणीतरी बॅटर पुडिंगं फेकत असतं आणि त्याचा रीतसर तपास चालतो.

आता खरा मुद्दा, म्हणजे आवाज. रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमात त्यापूर्वी आवाजाचं काम साधं होतं. दार वाजलं की दार वाजल्याचा आवाज, घोडा आला की टापा. आवाज शब्दांच्या मागून चालायचा. गून शोमध्ये आवाज स्वतःच विनोद करायला लागला. पावलं धडधडत लांब पळत जातात, त्यांचा वेग माणसाच्या पायांना झेपणार नाही इतका वाढतो, आणि श्रोत्याच्या मनात एक अशक्य चित्र उभं राहतं. ‘नेपोलियन्स पियानो’ या १९५५च्या भागात नेड सीगून हा भोळा नायक पॅरिसच्या लूव्हरमधला पियानो इंग्लिश खाडीतून तरंगवत घेऊन येतो. हे पडद्यावर दाखवायचं तर खराखुरा पियानो पाण्यात सोडावा लागेल आणि तो हास्यास्पद कमी, खर्चिक जास्त दिसेल. रेडिओवर त्याला लागतो फक्त लाटांचा आवाज, चार सूर आणि श्रोत्याची तयारी. पण हे ‘फक्त’ घडवायला विंगेत आणि तांत्रिक खोलीत काही माणसं अक्षरशः घाम गाळत होती. एकाच वेळी अनेक ग्रामोफोन, त्यांवर वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या तबकड्या, आणि सुई नेमक्या खाचेत नेमक्या क्षणी टेकवायची. अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी विनोद मेला. शिवाय माइकजवळ उभं राहून दारं, कुलपं, खडी, करवंट्या वाजवणारे वेगळेच. मोजा कस्टर्डने भरून भिंतीवर आपटला तर कसा आवाज येईल, हे पाहण्यासाठी मिलिगनने बीबीसीच्या कँटीनमधून कस्टर्ड करवून घेतलं, असा किस्सा सांगतात. आवाज मनासारखा आलाच नाही, हा त्या किश्श्याचा शेवट मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण अचाट कल्पना माइकपुढे आपोआप उभी राहत नाही. बीबीसीने १९५८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आवाजांची खास कार्यशाळा काढली. तिच्या सुरुवातीच्या गाजलेल्या निर्मितींत मेजर ब्लडनॉकच्या पोटातल्या खळबळीचा आवाज होता. एका भित्र्या, लाचखाऊ मेजरच्या अपचनावर सार्वजनिक प्रसारण संस्थेने आपलं नवंकोरं तंत्रज्ञान लावलं!

शिस्तीचा परिणाम पाहायचा तर पहिल्या आणि पाचव्या मालिकेची तुलना करावी. सुरुवातीच्या भागांत एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार प्रवेश असत, कुठल्याही विविधरंगी कार्यक्रमात असतात तसे. तिसऱ्या मालिकेपासून पीटर ईटन हा निर्माता आला. तो नाट्यविभागात तयार झालेला होता, आणि गोष्टीला सुरुवात-मध्य-शेवट असतो हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. चौथ्या-पाचव्या मालिकेपर्यंत कार्यक्रम एका भागात एकच कथा सांगू लागला, आणि गून शो म्हणून आज जो ओळखला जातो तो तिथपासूनचा. कथेचा सांगाडा सरळ, अगदी साहसकथेसारखा ठेवला म्हणूनच त्यावरचा मूर्खपणा उठून दिसला. कीर्तनकार आख्यान सोडून कितीही भटकला तरी लोक बसून राहतात, कारण तो परत येणार हे त्यांना ठाऊक असतं. आख्यानच नसेल तर त्या भटकण्याला आडवाटही म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की बीबीसीने मिलिगनला पिळून काढलं. दर आठवड्याला एक नवीन संहिता, मोठ्या मालिकेत सव्वीस भाग, आणि वरून अधिकाऱ्यांची काटछाट. १९५२च्या डिसेंबरात त्याचं मानसिक संतुलन ढळलं, रुग्णालयात राहावं लागलं. युद्धात इटलीत जखमी झालेल्या या तोफखान्यातल्या सैनिकाच्या मनावर आधीच ओरखडे होते, त्यांत ही भर. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याची भरपाई ‘पण कार्यक्रम किती छान झाला’ या वाक्याने होत नाही. मात्र यातून निघणारा निष्कर्ष तपासला पाहिजे. आठवड्याला एक भाग ही गती अमानुष होती, म्हणून यंत्रणाच निरुपयोगी होती असं ठरत नाही. उलट लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स यांच्यासारखे सहलेखक जोडीला होते तेव्हा ओझं वाटलं गेलं. म्हणजे दोष यंत्रणा असण्याचा नव्हता, ती लेखकाच्या बाबतीत अपुरी असण्याचा होता. आवाजासाठी माणसं नेमली, संगीतासाठी नेमली, लेखनासाठी मात्र बऱ्याचदा एकाच माणसाच्या जिवावर भागवलं.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांच्या हशाबद्दल असतो. घरी एकटं ऐकणाऱ्याला कुठे हसायचं हे सांगायला थिएटरभर माणसं कशाला? इथे गून शोचं उत्तर वेगळं आहे. ब्लूबॉटल हे सेलर्सचं शाळकरी पात्र आपल्या वाट्याच्या रंगसूचनाही मोठ्याने वाचून टाकतं. आपण प्रवेश करतो आहोत, टाळ्यांसाठी थांबतो आहोत, हे ते स्वतःच सांगतं. टाळ्या पडल्या तर मजा, नाही पडल्या तर जास्त मजा. हा विनोद समोर खरा प्रेक्षक असल्याशिवाय होतच नाही. सेलर्स एका माइकपुढे उभा राहून दोन-दोन पात्रांचा संवाद एकट्याने, न अडखळता करायचा. १९५९ मध्ये त्याचा आवाज बसला तेव्हा एका भागासाठी त्याच्या जागी चार कलावंत बोलवावे लागले. आज हे सगळं एका लॅपटॉपवर, तुकड्यातुकड्याने, चुका पुसून करता येईल. करायलाही हरकत नाही. पण चूक होऊ शकते या भीतीतून जी धार येते, ती पुसण्याची सोय असताना कितपत येईल याची मला शंका आहे.

तरीही कुणी म्हणेल, शेवटी सगळं संहितेत असतं. ही समजूत खोडणारा पुरावा खुद्द बीबीसीनेच निर्माण करून ठेवला आहे. १९६३-६४ मध्ये ‘टेलिगून्स’ नावाने बाहुल्यांची दूरचित्रवाणी मालिका झाली. संहिता जुन्याच, थोड्या कापलेल्या, आणि आवाजही त्याच तिघांचे, नव्याने मुद्रित केलेले. सव्वीस भाग झाले, पण आज गून शो म्हणून कुणी त्यांची आठवण काढत नाही. बाहुली दिसली आणि ब्लूबॉटलची उंची ठरून गेली. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी ज्यांच्या कानात अजून आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. भावजींची वाक्यं कागदावर वाचली तर त्यांत भावजी सापडत नाहीत. ध्वनिमुद्रण काय काय जपतं याची एक कडू बाजूही आहे. लालकाका आणि बॅनर्जी ही दोन भारतीय पात्रं या कार्यक्रमात येतात (लालकाका हे पारशी आडनाव, मुंबई-पुण्याला चांगलंच परिचित). त्यांच्या इंग्रजीच्या हेल काढून केलेल्या नकला आज कानाला टोचतात. संहिता वाचताना एवढ्या टोचणार नाहीत, कारण तो हेल कागदावर नाही. नगरला जन्मलेल्या माणसाच्या तोंडून त्या याव्यात, याचं स्पष्टीकरण मायेत शोधायचं की साहेबी गुर्मीत, यावर वाद घालता येईल. पण वाद घालण्यापुरतं तरी मूळ मुद्रण हाताशी हवं, कापलेलं नव्हे.

आणि बऱ्याच भागांचं मूळ मुद्रणच नाही, ही सगळ्यात मोठी अडचण आहे. ३० एप्रिल १९७२ रोजी, बीबीसीच्या पन्नाशीनिमित्त, तिघे पुन्हा कॅम्डन थिएटरात जमले. समोर प्रिन्स फिलिप बसले होते, आणि तो खास भाग ५ ऑक्टोबरला प्रसारित झाला. तो आजही ऐकता येतो. पण पहिल्या तीन मालिकांतले जवळपास सगळे भाग गेले, कारण एकदा वाजलेला विनोदी कार्यक्रम जपावा असं कुणाला वाटलं नाही. पुढचे बरेच भाग वाचले, त्यात परदेशी केंद्रांना विकण्यासाठी बीबीसीने काढलेल्या तबकड्यांचा मोठा वाटा आहे, आणि त्या काटछाट केलेल्या आहेत. जुन्या ब्रिटिश रेडिओ कार्यक्रमांचे काही हरवलेले भाग पुढे सापडले ते सामान्य श्रोत्यांनी घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेल्या मुद्रणांत. आपल्याकडे माळ्यावरच्या खोक्यात आकाशवाणीवरून उतरवून घेतलेल्या श्रुतिका आणि नभोनाट्यांच्या कॅसेट पडून असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारात देण्याआधी एकदा लावून ऐका. चालत असतील तर त्यांची डिजिटल प्रत करून घ्या आणि लेबलवर तारीख घाला.