कांबळी वाया गेला नाही

विनोद कांबळी वाया गेला, हे वाक्य हिंगोलीत, कळमनुरीत, वसमतला, कुठल्याही मैदानाच्या कडेला ऐकू येतं. सरावाला उशिरा आलेल्या, केस रंगवलेल्या, कानात बाळी घातलेल्या पोराला हमखास ऐकवलं जातं: तुझा कांबळी होईल. सचिन तेंडुलकर आणि तो: एकच गुरू, एकच शाळा. एक घडला, एक बिघडला. ही मांडणी मला खोटी वाटते. पोरांसाठी ती घातकही आहे.

आधी धावा बघू. 1993 साली वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध 224, लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध 227, मग श्रीलंकेत 125 आणि 120. पहिल्या सात कसोटींत 793 धावा. हजार धावा चौदा डावांत. इतक्या कमी डावांत तिथे पोचलेला दुसरा भारतीय अजून नाही. शेवटी 17 कसोटी, 1084 धावा, सरासरी 54.20. ही सरासरी गावसकर आणि तेंडुलकर यांच्याहून जास्त आहे. तेवढ्यावरून तो त्यांच्याहून मोठा ठरत नाही, कारण सतरा कसोटी आणि दोनशे कसोटी एका तराजूत बसत नाहीत. पण एकविसाव्या वर्षी लागोपाठ दोन द्विशतकं काढणाऱ्याने आपली क्षमता दाखवलीच नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

प्रतिपक्षाचा खरा मुद्दा पुढच्या दहा कसोटींचा आहे, आणि तो वजनदार आहे. त्या दहांत मिळून 291 धावा. 1994 मध्ये वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी त्याला आखूड टप्प्याचा, छातीपर्यंत उसळणारा चेंडू टाकला आणि तो उघडा पडला. तीन कसोटींत एक अर्धशतकही नाही. हे मान्यच केलं पाहिजे. पण आखूड चेंडू खेळता न येणं हा तंत्रातला दोष आहे. मागच्या पायावर वजन कधी न्यायचं, चेंडू कधी सोडायचा, हे शिकवता येतं आणि त्याला वेळ लागतो. ऑस्ट्रेलियाने स्टीव्ह वॉला तो वेळ दिला. त्याचं पहिलं कसोटी शतक सत्ताविसाव्या सामन्यात आलं. कांबळीची शेवटची कसोटी 1995 च्या नोव्हेंबरात कटकला झाली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्यानंतर तो एकदिवसीय संघात 2000 पर्यंत येत-जात राहिला, पण कसोटीचं दार पुन्हा उघडलं नाही. तंत्रातल्या दोषाला स्वभावाचा दोष म्हटलं की शिकवणाऱ्याची जबाबदारी संपते. इथे तेच झालं, असं माझं ठाम मत आहे.

आता बेशिस्तीबद्दल. ती नव्हतीच, असं मी म्हणणार नाही. व्यसनाबद्दल तो स्वतः मुलाखतींत बोलला आहे. त्याच्या देहाची आणि संसाराची किती हानी झाली, हे सगळ्यांनी पाहिलं. 2024 च्या डिसेंबरात शिवाजी पार्कवर त्या दोघांचे गुरू आचरेकर सर यांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात तो दिसला, तेव्हा गलबलून आलं. पण माणसाने भोगलेलं दुःख हा त्याच्या फलंदाजीविरुद्धचा पुरावा होत नाही. शिवाय 1988 ची, शालेय सामन्यातली सचिन-कांबळीची ती 664 धावांची भागीदारी आठवा. डाव घोषित करण्याच्या इशाऱ्याकडे दोघांही पोरांनी काणाडोळा केला आणि खेळत राहिले, असं सांगतात. म्हणजे बेशिस्तीत सचिनचाही वाटा होता. आणि कांबळी 349 वर असताना सरांनी फोनवर सुनावलं, तेव्हा एका धावेसाठी हट्ट न धरता तो थांबला, अशीही आठवण सांगितली जाते. कांजुरमार्गच्या चाळीतून बॅट घेऊन लोकलने सरावाला जाणाऱ्या पोरात शिस्त नव्हती म्हणणाऱ्याने ती गर्दी एकदा बघावी.

हाच वाद मुष्टियुद्धात माइक टायसनवरून चालतो. त्याला घडवणारे कस डमाटो 1985 च्या नोव्हेंबरात गेले. वर्षभराने वीस वर्षांचा टायसन हेवीवेटचा सर्वांत तरुण जगज्जेता झाला. मग 1990 मध्ये टोकियोत, जवळपास कुणाच्याच हिशेबात नसलेल्या बस्टर डग्लसकडून हरला. पुढे तुरुंगवासही झाला. त्याच्या गुन्ह्याचं समर्थन कुणी करू नये. पण रिंगमधला टायसन अपुरा राहिला, असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन: पूर्ण टायसन कुणी पाहिला होता? जो खेळाडू कधी अस्तित्वातच आला नाही त्याच्याशी तुलना केली, की कुणीही अपयशी ठरतो.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या पोरांना या तुलनेचा फटका बसतो. त्यांचा खेळ टेनिस बॉलवर वाढतो. मग बाहेर निवड चाचणीला गेलं की एकदम सीझन बॉल, आणि तोही बरगडीवर येणारा. पहिल्याच स्पेलमध्ये पोरगं बाद होतं, आणि गावात परतल्यावर त्याला मेहनत आणि चारित्र्य यांवर व्याख्यान ऐकावं लागतं. त्याला आखूड चेंडू टाकून शिकवणारा माणूस कधी मिळालाच नव्हता, हे मात्र कुणी बोलत नाही.

आणि कसोटीतून गेल्यावर कांबळीने काय केलं? रणजीत पहिल्याच चेंडूवर षटकार मारून आलेला हा डावखुरा मुंबईसाठी पुढेही वर्षानुवर्षं धावा काढत राहिला. प्रथम श्रेणीचे 129 सामने, 9965 धावा, सरासरी जवळपास साठ. मोकळ्या स्टँडसमोर, राष्ट्रीय संघाची आशा मावळत असताना काढलेल्या या धावांना शिस्त लागली नसेल, तर आपण ज्याला शिस्त म्हणतो ते नेमकं काय असतं, हे मला त्या व्याख्यान देणाऱ्यांनी सांगावं.