विश्लेषण : जुन्या दप्तरातली एक नोंद पुरावा कशी ठरते?

निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने ऑक्टोबर २०२३ अखेर पहिला अहवाल दिला. त्या वेळी मराठवाड्यात सुमारे १ कोटी ७२ लाख कागदपत्रे तपासून ११ हजार ५३० कुणबी नोंदी सापडल्याचे सांगण्यात आले. म्हणजे जवळपास दीड हजार कागद उलटावे, तेव्हा एक नोंद. हा आकडा मोठा की तुटपुंजा, यावर वाद रंगला. पण नोंद सापडणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मागेच पडला. जुने कागद वाचून निष्कर्ष काढण्याची एक रीत आहे. इतिहासाचे अभ्यासक ती पाळतात, जात पडताळणी समित्यांनीही ती पाळणे अपेक्षित असते.

कागद कोणी आणि कशासाठी लिहिला?

पहिला प्रश्न हाच. जन्म-मृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, शाळेचा प्रवेश निर्गम उतारा आणि महसुलाचे पाहणी पत्रक हे तिन्ही सरकारी कागद असले, तरी त्यांचे हेतू वेगळे. पाहणी पत्रकाला जमीन कोण कसतो आणि पीक काय, याच्याशी मतलब. तिथे नावापुढे दिसलेला शब्द जातीचा आहे की कामाचा, हे आधी ठरवावे लागते. ‘कुणबावा’ म्हणजे शेती, हा अर्थ मराठीत जुनाच आहे. जन्माच्या नोंदवहीत जातीचा स्वतंत्र रकाना असेल आणि त्यात ‘कुणबी’ लिहिले असेल, तर संशयाला जागा कमी उरते.

शाळेच्या रजिस्टरची गंमत वेगळी. १ जूनला वाढदिवस असलेले आजोबा महाराष्ट्रात घरोघरी सापडतात. गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली आणि मूल दाखल करून घेतले. मग ज्या ओळीतली तारीख अंदाजाची, त्याच ओळीतली जात खरी कशी मानायची? इथे प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे तोलावा लागतो. तारीख टाकणे ही गुरुजींची अडचण होती. कुठल्याही सवलतीचा प्रश्न नसताना खोटी जात सांगण्याचे पालकांना तसे कारण नव्हते.

न्यायालयेही हाच विचार करतात. अनुसूचित जमातीच्या दाव्यासंबंधीच्या महाराष्ट्रातील ‘आनंद’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदपत्रांना अधिक वजन दिले. जुन्या कागदाला मान मिळतो तो निव्वळ वयामुळे नव्हे. आजचा वाद त्या लेखकाच्या ध्यानीमनीही नव्हता, म्हणून.

गॅझेटियरमधून जात सिद्ध होते का?

राज्य सरकारने २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णय काढला आणि हा शब्द घराघरांत पोहोचला. मात्र गॅझेटियरमध्ये समूहांचे वर्णन आणि संख्या असतात, तुमच्या-आमच्या पणजोबांचे नाव नसते. एखाद्या जिल्ह्यात कुणबी मोठ्या संख्येने होते, एवढे त्यावरून म्हणता येते. अमुक कुटुंब त्यांपैकीच, हे म्हणता येत नाही. म्हणूनच त्या निर्णयात तलाठी, ग्रामसेवक आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांची गावपातळीवरील समिती आली. जमिनीचा पुरावा नसेल, तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासूनच्या वास्तव्याचे प्रतिज्ञापत्र आले. पण प्रतिज्ञापत्र आज लिहिले जाते, आजच्या गरजेसाठी. त्याला जुन्या नोंदीच्या पंक्तीला बसवणे या रीतीत बसत नाही. त्यामुळे खरा भार गावातल्या चौकशीवर पडतो आणि ती उरकली जाण्याचा धोका आहे.

नोंद सापडली नाही, तर?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याचे दप्तर वेगळे, हैदराबादचे वेगळे. कागद उर्दूत, काही मोडीत. मोडीत शब्द सुटे लिहिण्याची पद्धत नव्हती, संक्षेपही भरपूर. एखाद्या ‘कु’ या अक्षराचा अर्थ त्या पानावरून ठरत नाही. त्याच कारकुनाने आधीच्या-नंतरच्या पानांवर ते कशासाठी वापरले, हे पाहावे लागते. म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या एका ओळीच्या फोटोला फारसा अर्थ नसतो. सलग वही हवी. शाई, हस्ताक्षर, शेजारच्या नोंदी यांवरूनच मागाहून घुसवलेला शब्द पकडता येतो.

एखाद्या गावात नोंद मिळाली नाही, तर तिथे कुणबी नव्हते असे लगेच म्हणता येत नाही. आधी वही टिकली का, तिच्यात जातीचा रकाना होता का, हे तपासायला हवे. अर्थात वाळवीने खाल्लेल्या पानात आपल्याच बाजूचा पुरावा होता, असेही कोणी धरून चालू नये.

पुढची अडचण अर्जदाराची. जात प्रमाणपत्राच्या राज्याच्या कायद्यानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. जुन्या वहीत ‘गोविंदा वल्द राघोजी’ एवढेच असते, आडनाव नसते. एकाच गावात असे दोन गोविंदा निघाले, तर त्यांपैकी आपला कोणता, हे दाखवण्यासाठी वंशावळ लागते. तिच्या प्रत्येक पायरीला फेरफार, वारस नोंद किंवा शाळेचा दाखला असा वेगळा कागद जोडावा लागतो. मधली एक पिढी कागदावर मिळाली नाही, तर सापडलेली नोंद दप्तरातच राहते.