गेलेल्या पाहुण्याची खोली
चैत्रात एकवीरेची यात्रा भरली की कार्ल्यात खोली रिकामी राहत नाही. समजा, चार नंबरचा पाहुणा गेला, नवा आला. पण कामावरच्या पोराच्या चिठ्ठीत अजून ‘चार नंबर सांगेल ते करायचं’ असंच आहे. नवा पाहुणा भामटा निघाला तर? ब्राउझरमधली ‘यूज-आफ्टर-फ्री’ ही चूक नेमकी अशी: मेमरीतली जागा मोकळी झाली तरी प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर जातो आणि तिथं हल्लेखोराने पेरलेलं निमूट पाळतो. तुम्ही काही डाउनलोड करायलाही नको, पान उघडलं की पुरे. एप्रिल 2014 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अशी एक चूक सापडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने नुकतंच वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीलाही दुरुस्ती दिली. मार्च 2019 मध्ये पाळी क्रोमची. क्रोमच्या गंभीर सुरक्षा-चुकांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्याच, असं 2020 मध्ये त्याच्याच अभियंत्यांनी सांगितलं. मूळ दुखणं ब्राउझर ज्यांत लिहितात त्या सी आणि सी++ या भाषांचं. आपल्या हातातला उपाय कंटाळवाणा: अपडेट. तेही नुसतं उतरून भागत नाही, ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच चालतो, आणि तिकिटाचा टॅब जाईल म्हणून लोक तो बंदच करत नाहीत (भीती रास्त आहे!). अपडेट तपासायला क्रोममध्ये तीन ठिपके, मग मदत, मग क्रोमबद्दल. एखाद्या पानावरच ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथं दाबा’ असं चमकलं, तर दाबू नका. ते पानच बंद करा.